एकाच संगणकांतील दोन बिऱ्हाडें

संगणकावरील लिनक्सची एक जात काढून त्या जागीं दुसरी बसवावी कीं नाहीं, या प्रश्नावर २०२५ सालीं आमच्या शिक्षकवर्गांत बराच खल झाला. प्रश्न वरवर पाहतां संगणकखोलीपुरता आहे, व वार्षिकाच्या मराठी विभागांत त्यास जागा कां द्यावी, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु या विभागांतील लेख ज्या यंत्रांवर टाईप होतात त्याच यंत्रांचा हा प्रश्न आहे. शिवाय शिकवणीच्या निमित्तानें नांदेडास व लातुरास येऊन राहिलेल्या मुलांच्या खोल्यांतूनही जुन्या लॅपटॉपच्या रूपानें तो उभा आहे. म्हणून त्याविषयींचें आमचें मत येथें मांडण्याची परवानगी आम्ही वाचकांपाशीं मागतों.

आधीं वस्तुस्थिति सांगतों. आमच्या खोलींतील बहुतेक यंत्रें दुहेरी आहेत. म्हणजे एकाच हार्ड डिस्कचे भाग पाडून एका भागांत विंडोज व दुसऱ्यांत लिनक्स ठेविलें आहे. यंत्र सुरू केलें कीं ग्रब नांवाचा एक लहानसा प्रोग्राम प्रथम जागा होतो, दोन्ही नांवें पडद्यावर मांडतो, आणि बसणारा ज्याचें नांव निवडील त्याच्या स्वाधीन यंत्र करून आपण बाजूस होतो. एका वेळीं एकच बिऱ्हाड जागें असतें. दुसरें तोंवर निजलेलें. आमच्या मराठवाड्यांतील वृद्ध मंडळींस ही दुहेरी व्यवस्था अगदींच नवखी वाटूं नये. निजामी अमदानींत हाली सिक्का व कलदार हीं दोन्ही नाणीं लोकांच्या कनवटीस असत, आणि जें ज्या पेठेंत चाले तें तेथें दिलें जाई. पुढें सात हालीस सहा कलदार असा भाव ठरून १९५९ त हाली व्यवहारांतून गेला. शाळेंतही तसेंच आहे. पायथॉनचे धडे व भूमितीचें जिओजेब्रा हीं लिनक्सच्या बाजूस. मराठी मजकूर टाईप करून छापखान्यास द्यावयाचा तो विंडोजच्या बाजूस. तें तसें कां, हें पुढें येईलच.

२०२५ सालीं या दोन्ही बिऱ्हाडांची मुदत एकदमच भरली. लिनक्सच्या बाजूस उबुंटूची २०.०४ ही आवृत्ति होती; तिची पांच वर्षांची सर्वसाधारण देखभाल मे महिन्यांत संपली. विंडोज १० ची १४ ऑक्टोबरास संपली. मुदत संपली म्हणजे यंत्र बंद पडतें असें नव्हे. तें पूर्वींसारखेंच चालतें. परंतु प्रणालींत नवीन भोंक सांपडलें तर तें बुजविणारी दुरुस्ती मग येत नाहीं, आणि इंटरनेटास जोडलेल्या यंत्राच्या बाबतींत हा धोका खरा आहे. विंडोज ११ घ्यावें तर त्यास टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय लागते व फार जुने प्रोसेसर चालत नाहींत. आमचीं यंत्रें त्या परीक्षेंत सरसकट नापास झालीं.

तेव्हां मतें निघूं लागलीं. एक पक्ष म्हणे, आहे तें उबुंटूच पुढच्या आवृत्तीस न्यावें. दुसरा म्हणे, नवी सुरवात करावयाची तर सगळी डिस्क पुसून एकटें लिनक्स घालावें. विंडोजचें ओझें हवें कशास? आमच्या एका सहकाऱ्यांनीं याला शुभवर्तमानांतील नवा द्राक्षारस व जुने बुधले या दृष्टांताचा आधारही दिला. तिसरा पक्ष विद्यार्थ्यांचा. त्यांचा उत्साह दांडगा आणि मत दर आठवड्यास निराळें: आज मिंट, उद्यां फेडोरा, परवां आर्च.

या तिसऱ्या पक्षाशीं आम्हांस प्रथम बोलावयाचें आहे, कारण आमचा लोभ त्याच्यावरच अधिक. लिनक्स हें नांव काटेकोरपणें पाहतां लिनस टोरवाल्ड्स यानें हेलसिंकी येथें विद्यार्थी असतांना १९९१ सालीं लिहावयास घेतलेल्या गाभ्याचें आहे. त्या गाभ्याभोंवतीं पडद्याची मांडणी, फॉन्ट, लेखनाचे व हिशेबाचे प्रोग्राम यांची जुळणी करून जो तयार संच देतात त्यास डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. मुलें त्याचें डिस्ट्रो करितात. १९९३ त इअन मर्डॉक यानें डेबियन सुरू केलें. त्याच्या आधारावर २००४ त उबुंटू निघालें, आणि उबुंटूच्या आधारावर २००६ त मिंट. सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ त काढलेलें बॉस हेंही डेबियनचेंच अपत्य होय. आजी, लेकी व नाती असा हा एकच वंश आहे. म्हणून यांतील एक डिस्ट्रो काढून दुसरें घातल्यानें आपण निराळ्या जगांत गेलों, ही मुलांची समजूत बरीचशी भ्रामक आहे. गाभा तोच, फायरफॉक्स तोच, लिबरऑफिस तेंच. बदलतें तें काय, तर पडद्याची सजावट, नवे प्रोग्राम आणण्याची रीत आणि देखभालीची मुदत. सजावट आवडत नसेल तर त्याच प्रणालींत दुसरी बसवितां येते. त्यासाठीं घर पाडावयास नको.

सबळ कारणावांचून बदलूं नये, हें आमचें म्हणणें. आणि या वेळीं आम्हांस कारण होतें. आमच्या यंत्रांत चार जीबी मेमरी व फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क आहे. उबुंटूच्या २२.०४ या आवृत्तीपासून फायरफॉक्स स्नॅप नांवाच्या गठ्ठ्यांत येतो, आणि त्या गठ्ठ्यांत प्रोग्रामास लागणारें पुष्कळसें सामान बरोबरच बांधलेलें असतें. नव्या यंत्रावर तें सोयीचें असेल. आमच्या एका यंत्रावर करून पाहिलें तों गठ्ठा सुटेपर्यंत वर्गाची हजेरी घेऊन झाली. डेबियनमध्यें फायरफॉक्स साध्या रीतीनें येतो, एक्सएफसीई नांवाची हलकी सजावट जुन्या यंत्रासही पेलते, आणि एकेका आवृत्तीस सुमारें पांच वर्षें दुरुस्त्या मिळतात. तिची तेरावी आवृत्ति ९ ऑगस्ट २०२५ रोजीं बाहेर पडली होती; तीच आम्ही निवडली. दोन अतिवृद्ध यंत्रें बत्तीस बिटांचीं निघालीं. तसल्या यंत्रांवर तेरावी आवृत्ति नव्यानें बसवितां येत नाहीं, तेव्हां त्यांची समजूत बाराव्या आवृत्तीवर काढावी लागली.

आतां दुसरा पक्ष. सगळें पुसून एकच प्रणाली ठेवूं म्हणणाऱ्यांनीं म्युनिक नगरपालिकेचा इतिहास पाहावा. तिनें २००४ पासून हजारों संगणक विंडोजवरून लिनक्सवर नेण्यास आरंभ केला, स्वतःचें लिमक्स नांवाचें डिस्ट्रो घडविलें, २०१३ त काम पुरें झाल्याचें सांगितलें, आणि २०१७ त तिच्या सभेनें पुनः विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. कारणें अनेक सांगितलीं जातात. बाहेरच्यांशीं होणारी कागदपत्रांची देवघेव हें त्यांतील एक. परंतु आमच्या मनावर म्युनिकपेक्षां लातूरच्या एका खोलीचा परिणाम अधिक झाला.

आमचा एक माजी विद्यार्थी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठीं लातुरास राहतो. वडिलांनीं घेऊन दिलेल्या त्याच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज व उबुंटू अशीं दोन बिऱ्हाडें होतीं. एका रविवारीं त्यानें उबुंटूच्या जागीं मिंट घालावयास घेतलें. बसवणीच्या प्रोग्रामानें विचारलें, डिस्क पुसून बसवूं काय? पुसावयाचें तें उबुंटूच, अशा समजुतीनें त्यानें होय म्हटलें. अर्ध्या तासांत मिंट उत्तम चालूं लागलें. आणि विंडोज, त्यांतील वर्षभराचीं टिपणें व बहिणीच्या लग्नाचे फोटो यांपैकीं कांहीं उरलें नाहीं. त्यानें ही गोष्ट दोन महिने घरीं सांगितली नाहीं. त्या प्रश्नांतील डिस्क या शब्दाचा अर्थ सबंध डिस्क असा आहे, तिचा एक भाग असा नव्हे, एवढेंच त्यास ठाऊक असावयास हवें होतें. तें त्यास सांगावयाचें होतें तें आम्हीं. आमच्या तासांत पायथॉन झालें, जिओजेब्रा झालें. ही गोष्ट कधीं निघाली नव्हती.

म्हणून या वेळीं हें काम कोणा मेकॅनिकास न देतां मुलांच्या हातून, आमच्या नजरेखालीं व सावकाश करावयाचें ठरलें. पहिला सबंध दिवस नकला काढण्यांत गेला. दोन्ही बाजूंच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरविल्या, आणि त्यांतील कांहीं दुसऱ्याच यंत्रावर उघडून पाहिल्या. उघडून न पाहिलेल्या नकलेवर आमचा विश्वास नाहीं. विंडोजमध्यें फास्ट स्टार्टअप नांवाची एक सोय असते. तिच्यामुळें यंत्र बंद केलेलें दिसलें तरी विंडोज अर्धवट निजलेलें असतें, व त्या स्थितींत त्याच्या भागांत लिनक्सकडून कांहीं लिहिणें धोक्याचें असतें. ती सोय बंद केली. ज्यांच्या घरच्या लॅपटॉपास बिटलॉकरचें कुलूप असेल त्यांनीं त्याची अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की आधींच कागदावर उतरून ठेवावी. यंत्राच्या आरंभाची व्यवस्था बदललेली दिसली कीं विंडोज ती मागूं शकतें. वीज जाण्याचा नेम नसल्यानें यूपीएसवांचून कोणतेंही यंत्र हातीं घेतलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मुलांकडून डिस्कचा नकाशा फळ्यावर काढविला. हा तास आमच्या मतें साऱ्या वर्षांतील उत्तम तासांपैकीं एक झाला. प्रथम एक अगदीं लहान पार्टिशन, ईएफआय नांवाचें. हा दोन्ही बिऱ्हाडांचा सामाईक दरवाजा. तो नव्या प्रणालीनें वापरावयाचा, पण पुसावयाचा नाहीं. पुसला तर दोघेंही कोंडलीं जातात. त्यानंतर विंडोजचें मोठें पार्टिशन, त्यास खुणेचा लाल खडू. मग लिनक्सचीं दोन: एकांत प्रणाली, दुसऱ्यांत होम, म्हणजे मुलांचें स्वतःचें काम. हीं दोन निराळीं ठेवण्याची बुद्धि ज्या शिक्षकांस पूर्वीं झाली त्यांचे आम्ही ऋणी आहों. प्रणालीचें पार्टिशन तेवढें पुसून त्यांत डेबियन घालावयाचें, आणि होमच्या समोर फॉर्मॅटची खूण नाहीं ना हें दोन मुलांनीं दोनदां पाहावयाचें, असा नियम केला.

येथें एका सर्रास होणाऱ्या चुकीचा उल्लेख केला पाहिजे. पुष्कळांची चाल अशी कीं, आधीं विंडोजमधून लिनक्सचें पार्टिशन काढून टाकावयाचें व मग दुसरें लिनक्स आणावयाचें. ग्रबचें बहुतेक सामान त्या काढलेल्या भागांतच असतें, याचें त्यांस भान राहत नाहीं. जुन्या पद्धतीच्या बायॉस यंत्रांत डिस्कच्या अगदीं पहिल्या ५१२ बाइटांत ग्रबचा केवळ आरंभ असतो. तो आपलें उरलेलें अंग शोधूं लागतो, तें मिळत नाहीं, आणि पडद्यावर ग्रब रेस्क्यू एवढे शब्द उमटून यंत्र थबकतें. विंडोज आंत धडधाकट असतें, पण त्याच्यापर्यंत नेणारा कोणी नसतो. जुन्यावरच नवें बसविलें तर ही वेळ येत नाहीं.

आमच्या हातून चुका झाल्या नाहींत असें नव्हे. पहिल्या यंत्रावर डेबियन बसलें, यादी उघडली, आणि तींत विंडोजचें नांवच नव्हतें. लातूरची गोष्ट मुलांनीं ऐकलेली असल्यामुळें खोलींत एकदम शांतता पसरली. वास्तविक विंडोज जागच्या जागीं होतें. २०२१ सालच्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब शेजाऱ्याचा शोध आपण होऊन घेत नाहीं. घे म्हणून त्यास सांगावें लागतें, आणि बसवणीच्या वेळीं त्याविषयीं आलेल्या प्रश्नास घाईंत नाहीं असें उत्तर गेलें होतें. एक ओळ बदलून यादी पुनः बनविली, आणि नांव परत आलें.

घड्याळानें निराळीच मौज केली. यंत्राच्या अंगच्या घड्याळांत लिनक्स जागतिक वेळ ठेवतें, व विंडोज त्याच घड्याळास स्थानिक समजतें. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपांच तास पुढें असल्यामुळें, सकाळीं अकरास शाळा भरली तेव्हां विंडोजच्या बाजूस पहांटेचे साडेपांच वाजले होते. लिनक्सलाच स्थानिक वेळ ठेवावयास सांगून हा तंटा मिटविला.

तिसरी चूक अधिक शिकवून गेली. आमच्या यंत्रांवर नववी व दहावी अशीं दोन खातीं आहेत. लिनक्स फायलीचा मालक नांवानें नोंदीत नाहीं, क्रमांकानें नोंदतें. पहिल्या खात्यास बहुधा १००० मिळतो, दुसऱ्यास १००१. पूर्वीं नववीचें खातें आधीं उघडलें होतें. या खेपेस एका यंत्रावर दहावीचें आधीं उघडलें गेलें. परिणामीं दहावीचें सगळें लेखन नववीच्या मालकीचें झालें, आणि दहावीस आपल्याच फायलींत एक अक्षर बदलतां येईना. क्रमांकांची अदलाबदल करतांच सर्व सुरळीत झालें. होममध्यें टिंबानें सुरू होणाऱ्या लपलेल्या फायलीही असतात. त्यांत जुन्या प्रोग्रामांच्या आवडीनिवडी सांठविलेल्या असतात, व त्यांपैकीं कांहीं नव्या प्रणालीस मानवल्या नाहींत. शेवटीं जुन्या फोल्डरास दुसरें नांव देऊन केवळ मुलांचें काम तेवढें नव्यांत आणलें. आमच्या सहकाऱ्यांचा बुधल्यांचा दृष्टांत येथें थोडासा लागू पडला खरा, मात्र उलट बाजूनें. आणि तें त्यांनींही हंसत मान्य केलें.

सर्व यंत्रें लागल्यावर प्रत्येकावर एकच ओळ टाईप करविली: दुसऱ्या कोपऱ्यांतील काळी ॲल्युमिनियमची कढई. ओळींत अर्थ फारसा नाहीं. परंतु ऱ्य, ळ व ॲ या मराठीस आवश्यक अशा तिन्ही गोष्टी तींत आहेत. ॲ हें स्वतंत्र अक्षर युनिकोडांत २००८ त आलें, हें ऐकून मुलांस नवल वाटलें. इनस्क्रिप्ट कळफलक व लोहित फॉन्ट यांनीं ती ओळ निर्दोष उमटविली. नवें डिस्ट्रो पसंत करतांना आमच्या मुलांनीं रंग व खिडक्या पाहण्याआधीं ही परीक्षा घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

आतां विंडोज कां ठेविलें तें सांगतों. तें त्याच्यावरील प्रेमामुळें नव्हे. आमच्या वार्षिकाचे मागील अनेक अंक ज्या फॉन्टांत टाईप झाले त्यांत मराठी अक्षरें मराठी म्हणून सांठविलेलींच नाहींत. इंग्रजी अक्षरें व चिन्हें यांच्या जागीं देवनागरीचे आकार काढलेले आहेत, एवढेंच. तो फॉन्ट व त्याचा प्रोग्राम जेथें आहे तेथें तें मराठी. दुसरीकडे उघडावें तर इंग्रजी अक्षरांची व स्वल्पविरामांची रांगोळी. सी-डॅकचें आयएसएम, पुण्याचेंच श्री-लिपी, असल्या साधनांनीं दुसरी सोय नव्हती त्या काळांत मराठी छपाई चालविली, हे त्यांचे उपकारच आहेत. परंतु आज आमच्याच मुलांचे जुने निबंध आमच्याच खोलींतील लिनक्सच्या बाजूस वाचतां येत नाहींत. आमच्या मतें उबुंटू कीं डेबियन हा वाद यापुढें फार लहान आहे. उबुंटू गेलें, डेबियन आलें, आणि मुलांचे पायथॉनचे प्रोग्राम व युनिकोडांतील लेखन एका अक्षराचाही फरक न होतां इकडून तिकडे आलें. जें युनिकोडांत नव्हतें तेंच काय तें एका खोलींत अडकून पडलें, आणि त्याच्यासाठीं देखभाल संपलेलें विंडोज १० आम्हांस इंटरनेटापासून तोडून जिवंत ठेवावें लागत आहे.

केरळांतील सरकारी शाळांत लिनक्स वर्षानुवर्षें चालतें. तेथील काइट ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ति शाळांस पुरविते, व मुलें तींत मल्याळम लिहितात. मराठी शाळांस हें अशक्य आहे असें मानण्यास आम्हांस कारण दिसत नाहीं. मात्र त्याची सुरवात डिस्क पुसण्यापासून न होतां जुनें लेखन सोडविण्यापासून व्हावी. रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात. पण जोडाक्षरें व ऱ्हस्व वेलांट्या यांत ते ठेंचाळतात, आणि मूळ छापील अंक शेजारीं ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहण्यावांचून गत्यंतर नाहीं. नववीच्या कांहीं मुलांनीं हें काम शनिवारीं दुपारीं करावयास घेतलें आहे. आतांपर्यंत चार अंक झाले. त्यांतील एका निबंधाचे लेखक आज आमच्या शाळेंतच शिक्षक आहेत, व आपली त्या वेळची भाषा वाचून ते बरेच ओशाळले.

प्रस्तुत अंकाचा हा विभाग डेबियनच्या बाजूस, युनिकोडांत टाईप झाला. पानें लावण्याची छापखान्याची रीत जुन्याच फॉन्टांची असल्यामुळें अखेरीस त्याचें उलट रूपांतर करावें लागलें, आणि तें विंडोजच्या बाजूस बसूनच. त्यांत जेथें जेथें ऱ्य मोडला तेथें तेथें मुलांनीं तो हातानें नीट केला आहे. तरीही एखादा राहून गेला असल्यास वाचकांनीं पान व ओळ कळवावी.